जाहीर ओटी

६ जानेवारी २०२५, सोमवार

सकाळी धर्मराज टेम्पो घेऊन आला आणि साधनाच्या दोन पत्र्याच्या पेट्या माझ्या ओसरीवर उतरवून गेला. साधनाला जाऊन आज चाळीस दिवस झाले. धर्मराज तिचा भाचा, जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात असतो. आत्याचं अंबडचं घर आता भाड्याने देणार म्हणाला.

"मावशी, आत्यानं चिठ्ठी लिवून ठिवल्ती. कागद तुमच्याकडंच द्यायचे म्हणून."

"माझ्याकडं? बारा वर्षं आमचं बोलणं नव्हतं रे."

"मला काय माहीत? तिनं लिवलं, मी आणलं. नको असतील तर बंबात घाला. पाणी तरी तापंल."

चिठ्ठीत दोनच वाक्यं आहेत. "उषेने वाचावं. मग तिला वाटेल ते करावं." अक्षर शेवटपर्यंत तसंच, उजवीकडे झुकलेलं.

जाताना त्याने कंपनीची नवी डायरी दिली, मुखपृष्ठावर कापसाचं बोंड. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हजेरीसुद्धा लिहिलेली नाही. यातच लिहायला घेतलं आहे.

९ जानेवारी, गुरुवार

पहिली पेटी उघडली. २००५ ते २०१२. म्हणजे आमची वर्षं.

वरच फोटो. मी, साधना आणि कांताबाई जीपच्या बॉनेटला टेकून भाकरी खातोय. घनसावंगीच्या रस्त्यावर जीप बंद पडली होती, ढकलून ढकलून दमलो आणि तिथेच शिदोरी सोडली. साधनाचा ठेचा खाऊन कांताबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "थोडा टाकीत टाका ह्यातला. गाडी अशीच चालू व्हईल." तिघी इतक्या हसलो की रस्त्याने जाणारा एक बैलगाडीवाला थांबून बघत राहिला.

आमचं लेक वाचवा मंडळ. साधना बोलायची, मी आखायचे, कांताबाई बायकांना घराबाहेर काढायची. जाहीर ओटीची कल्पना माझी होती, हे इथे लिहायला हरकत नाही. तेव्हा तपासणी करून मुलीचा गर्भ पाडणं गावोगाव चोरून चाले. पोलीस येत तोवर सगळं उरकलेलं असे. मी म्हटलं, चोरी होते कारण कुणाला कळत नाही. आपण कळवून टाकू. एरवी तीन महिने होईपर्यंत बाई आपल्या आईलासुद्धा हळू आवाजात सांगते. आम्ही तिसऱ्या महिन्यातच देवळापुढे लाउडस्पीकर लावून तिची ओटी भरायचो. खण, नारळ, गहू. आणि माइकवरून म्हणायचं, "आजपासून हे लेकरू गावाचं!" एकदा गावाला ठाऊक झालं, की पोट पाडायची कुणाची छाती?

ओटी मी भरायची. साधनाला नवऱ्याने टाकलेलं, बायकांना तिच्या हातची ओटी चालत नसे. ती माइक धरायची. कांताबाई बौद्ध, ती म्हणायची, "ओटीचं तुमचं तुम्ही बघा. नारळाचं पोतं मी उचलते." पुढे ती खोबऱ्याची चटणी करून आणायची.

किती दिवसांनी मोठ्याने हसले मी आज.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कांताबाई तिळगूळ घ्यायला आली. ती आम्हा दोघींशीही बोलत राहिली होती. या बारा वर्षांत तिने ना माझा निरोप तिकडे नेला, ना तिकडचा इकडे आणला.

"दुसरी पेटी उघडली का?"

"नाही."

"उघडा की. भूत न्हाई त्यात."

मला ती उघडायची इच्छा नाही. त्या पेटीवर साधनाने खडूने लिहिलं आहे, "२०१३ पासून". जानेवारी २०१३ च्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "ज्या बाईला मूल नको असेल तिला मी इथून पुढं स्वतः दवाखान्यात नेणार. कायद्यात बसतं ते सगळं करणार. आपण आजवर बाईला विचारलंच नाही." मंडळाची अध्यक्ष, आणि हे बोलते! त्याच्या दोन महिने आधी ती पुण्याला कसल्याशा शिबिराला गेली होती. मी तेव्हाच म्हटलं होतं, शिबिरवाल्यांनी हिचं डोकं फिरवलं. कुणी म्हणालं डॉक्टर लोकांनी फितवली. ते मी मानलं नाही, पण "वाट चुकलेली ताई" असा लेख जालन्याच्या एका साप्ताहिकात मीच लिहिला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. ती दोन गल्ल्या सोडून राहायची. भाजीला दिसली की मी कांद्यांकडे बघायचे.

तिळगूळ द्यायला तीही आली नाही, मीही गेले नाही. बारा संक्रांती.

२१ जानेवारी, मंगळवार

जालन्याच्या एका महाविद्यालयातले अंगद सर आले होते. माझे जुने विद्यार्थी, अजूनही उभं राहून बोलतात. आठ मार्चला त्यांच्या ग्रंथालयात साधनाच्या नावाची खोली उघडायची आहे. तिचे कागद, फोटो आणि मधोमध आमचं पोस्टर.

पोस्टर म्हणजे मीनाच्या लेकीचं. कुंभार पिंपळगावची मीना, तीन मुलींची आई, चौथ्यांदा दिवस गेलेले. डिसेंबर २०११, बाजाराचा दिवस, निम्मी पंचक्रोशी जमलेली. त्या दिवशी साधना नव्हती, माइकही मीच धरला. मीना खुर्चीवर बसून रडत होती आणि बघणाऱ्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावले. पुढे मुलगी झाली. बाळाला मांडीवर घेतलेल्या मीनाचा फोटो आम्ही छापला. खाली ओळ, "ही वाचली!" सगळ्या कामातला सगळ्यात चांगला दिवस कोणता म्हणून विचारलं तर मी तोच सांगेन.

"बाई, दोन हजार बारापर्यंतचंच घेऊ," अंगद सर म्हणाले. "नंतरचं कशाला? लेक वाचवणाऱ्या ताईंच्या खोलीत गर्भपाताचे कागद... वाद होईल."

"मग दुसऱ्या पेटीचं काय करायचं?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही बघितलीच नाही."

मला हलकं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? लोकांना साधना तिच्या चांगल्या वर्षांसकट आठवेल. बाकीचं बंबात.

२९ जानेवारी, बुधवार

जाळायचं तर काय जाळतोय ते बघावं, म्हणून उघडली.

बियाणे कंपन्यांच्या खिशातल्या छोट्या डायऱ्या, वर्षाला एक. बाईचं नाव कुठेच नाही, फक्त तालुका आणि दोन ओळी. "भोकरदन. दोन लेकरं, पाळी चुकली, स्वतःची इच्छा. नेली." "परतूर. नवऱ्याने मारून पाठवली. माहेरी पोचवली." आणि मधूनमधून, "तपासणी करून आले होते. मुलगी म्हणून नको. परत पाठवली, सासूशी भांडण." अशा परत पाठवलेल्या बऱ्याच आहेत. हे मला कळलं नाही. एकदा बाजू सोडल्यावर हिने त्यांना परत का पाठवावं?

तळाशी माझ्या लेखाचं कात्रण. घडीवर घडी, कडा मऊ झालेल्या. त्यावर तिने काही लिहिलेलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्या पेटीची यादी करताना २०११ ची छोटी डायरी हाती आली. तिच्यात हे सापडलं.

"५ डिसेंबर. मीना घरी आली. चौथी खेप. म्हणते, मुलगा असो मुलगी असो, ताई, मला आता नको. तपासणीचं नाव काढलं तर कानाला हात लावते. अंगात रक्त नाही. गुरुवारी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात नेते म्हणून कबूल केलं. कुणाला बोलू नको म्हणाली."

म्हणजे पुण्याच्या शिबिराच्या वर्षभर आधीच ही ढळली होती! आमच्याबरोबर जीपमध्ये बसून, आमचीच भाकरी खाऊन, मागच्या दाराने हे कबूल करत होती. माझ्यावर भरवसा नव्हता तिचा. नशीब, मीनाची ओटी आधी झाली आणि ती पोर वाचली.

डायरी मिटून ठेवली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुढची पानं.

"७ डिसेंबर. तहसीलच्या बैठकीला गेले होते. परत आले तर कळलं, उषेने आज बाजारात मीनाची ओटी भरली."

"८ डिसेंबर. स्टँडवर दोन वाजेपर्यंत थांबले. मीना आली नाही."

"११ डिसेंबर. उषेला सांगायचं का? ती एवढी खूश आहे. मीनाने बोलू नको म्हटलंय. आणि उषेला कुणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ओटी भरताना आपण आजवर कुणालाच विचारलं नाही."

एवढंच. पुढे गव्हाच्या पोत्यांचा हिशेब आहे.

मीना खुर्चीवर रडत होती.

१० फेब्रुवारी, सोमवार

सहा दिवस काही लिहिलं नाही. आज कांताबाईला बोलावून ती पानं वाचून दाखवली.

तिने हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाली, "साधना स्टँडवर थांबल्ती ते मला माहीत होतं. कुणासाठी ते न्हाई."

"तूही ओटीला होतीस, कांता. नारळ तूच दिलास माझ्या हातात."

"दिला ना. मी कुठं न्हाई म्हणून राह्यले? पण बाई, माझा नारळ जाऊ द्या. आता पुढं काय?"

मी माझ्या मनात जुळवून ठेवलेलं सांगितलं. ते पान काढून टाकावं. पेटी जाळावी. साधनाने तेरा वर्षं मला सांगितलं नाही, म्हणजे तिलाही ते दाबायचंच होतं.

"मंग तुमच्याकडं कशाला पाठवलं असतं?"

मुलगी वाचली ती वाचलीच, असं मी म्हणाले.

"मीनाला विचारलं का?"

"आता? तेरा वर्षांनी?"

"तवा न्हाई विचारलं," कांताबाई म्हणाली, "आता तरी विचारा. मरून बिरून गेली न्हाई ती. जालन्यात ऱ्हाती, एमआयडीसीच्या मागं. नवरा रोलिंग मिलला हाय."

१६ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आले. सगळं लिहून काढते, नाहीतर मी ते माझ्या सोयीचं करून ठेवीन.

पत्र्याची दोन खोल्यांची जागा. मीनाने मला लगेच ओळखलं. पाया पडली, ते मला नको होतं. तीन मोठ्या मुलींची लग्नं झाली. चौथी, अर्पिता, सातवीत आहे. उंच, धीट, आईसारखे डोळे. मी कोण हे कळल्यावर तिने चहा ठेवता ठेवता विचारलं,

"तुम्हीच का ते पोस्टर काढलं?"

"हो गं. त्यातलं बाळ तू."

"माहीतंय. आमच्या शाळेत व्हरांड्यात लावलंय. मॅडमनी सांगितलं, ही बघा वाचलेली मुलगी. तेव्हापासून पोरं मला 'वाचलेली' म्हणतात. ए वाचलेली, बॉल टाक. ए वाचलेली, डबा आण."

मीना म्हणाली, "अन् हिच्या तिघी बहिणींना काय म्हणायचं मंग? बुडालेल्या?"

दोघी हसल्या. मीही हसायला गेले, जमलं नाही.

अर्पिता दूध आणायला गेली. मी पिशवीतून डायरी काढून ती पानं मीनाला दिली. तिने ओठ हलवत सावकाश वाचली. साधना दोन वाजेपर्यंत थांबली होती, तिथे बोट ठेवून थांबली.

"ताई थांबल्या होत्या का? मला वाटलं, त्यांनीच तुम्हाला सांगितलं. म्हणून मी पुन्हा त्यांच्याकडं गेले न्हाई."

"तिने नाही सांगितलं. गरोदर बायकांच्या यादीत तुझं नाव बघून मीच ठरवलं. तीन मुली आहेत, तू तपासणीला जाशील असं वाटलं."

"मी पालक घ्यायला आल्ते बाजारात. तुम्ही हाताला धरलं, खुर्चीवर बसवलं."

"मग उठून का गेली नाहीस? नाही का म्हणाली नाहीस?"

"ओटी भरल्यावर कसं उठू, बाई? पदरात गहू, नारळ. उठले असते तर समदं सांडलं असतं. ओटी सांडती का कुणी?"

"तू रडत होतीस. मला वाटलं आनंदानं."

"समद्यांना तसंच वाटलं."

तिने सांगितलं, नंतर सासूने तिला परसात जातानाही एकटं सोडलं नाही. गावाचं लेकरू ना! बाळंतपणात तीन बाटल्या रक्त लागलं. हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत होती.

मी विचारलं, "अर्पिताला माहीत आहे?"

"मीच सांगितलं, मागल्या साली. लई रडून राह्यली होती त्या 'वाचलेली'वरून. म्हटलं, मला कोणीच नको होतं तवा, तू म्हणून नको असं न्हाई. मंग तू आलीस. आता तुझ्याबिगर घर चालत न्हाई. ऐकलं तिनं. दोन दिवस बोलली न्हाई, तिसऱ्या दिवशी भाकरी मागितली." मीनाने पदराने कप पुसला. "पोरगी माझी झाली, बाई. तो दिवस तेवढा तुमचाच राह्यला."

मी म्हणाले, "मीना, माझं चुकलं." शिक्षिका म्हणून चौतीस वर्षं हे वाक्य मुलांकडून म्हणवून घेतलं. म्हणायला किती अवघड असतं ते आज कळलं.

ती ना बरं म्हणाली, ना असू द्या म्हणाली. मग मी ज्याच्यासाठी गेले होते ते विचारलं, कागदांचं काय करू.

"ठिवा की. ताईंनी लिहिलंय, खोटं थोडंच हाय? नाव तेवढं पुसा. अन् तो फोटो काढा. तवा कुणी मला विचारून काढला न्हाई."

अर्पिता दुधाची पिशवी घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "शाळेतला पण."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेतलं पोस्टर सोमवारी निघालं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण बाई, किती सुंदर संदेश आहे!" मी म्हणाले, संदेश माझाच होता, आता परत नेते.

मीनाचं नाव काळ्या शाईने झाकलं. त्या पानाला एक कागद जोडला आहे. तीन वेळा लिहिला. पहिल्यात परिस्थिती कशी होती ते फार आलं होतं. दुसऱ्यात साधनाने मला सांगायला हवं होतं असं आलं होतं. तिसरा असा आहे: "या बाईची ओटी तिला न विचारता मी भरली. साधनाने वाट बदलली ती यानंतर. तिला कुणी फितवलं नव्हतं. २०१३ चा माझा लेख चुकीचा होता." खाली पूर्ण नाव, गाव, तारीख.

५ मार्च, बुधवार

अंगद सर आज पहिल्यांदा माझ्यासमोर खुर्चीवर बसले.

"बाई, पोस्टर नाही, तर भिंतीवर काय लावू? आणि हा कागद वाचून लोक म्हणतील, अख्खी मोहीमच चुकीची होती."

"म्हणू देत. अख्खी नव्हती. मी त्यांना सांगीन काय चुकलं ते."

"दुसरी पेटी नंतर बघू ना. एखाद्या वर्षाने."

"दोन्ही पेट्या, अंगद, नाहीतर एकही नाही. घरी बंब आहेच."

त्याने खिशातून पेन काढलं. मग म्हणाला, "तुम्ही शाळेतपण अशाच होता." आणि दोन्ही पेट्यांची पोच लिहून दिली.

९ मार्च, रविवार

काल झालं. खोली छोटी आहे, उजेडाची. साधनाच्या छोट्या डायऱ्या काचेखाली ओळीने ठेवल्यात, कापूस, तूर, मका, सगळ्या कंपन्यांच्या. ती असती तर म्हणाली असती, बियाण्याचं दुकान केलं माझं.

मी सात मिनिटं बोलले. जीप, ठेचा, ढकलगाडी सांगितली तेव्हा लोक हसले. मग माझा कागद वाचला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्या मंडळातल्या दोघी मध्येच उठून गेल्या, त्यातल्या एकीने जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चाळीस वर्षांची ओळख. साधनाला बारा वर्षं हे कसं वाटलं असेल ते पाच मिनिटांत कळलं. मीना आली नव्हती. मी बोलावलं होतं, आग्रह केला नाही.

परतीच्या एसटीत कांताबाई शेजारी होती. मी तिला स्पष्ट सांगितलं, आणि इथेही लिहून ठेवते.

"कांता, लोकांचा गैरसमज व्हायला नको. मी बाजू बदललेली नाही. तपासणी करून मुलगी पाडणाऱ्याला मी आजही पोलिसात देईन. फक्त बाईला आधी विचारलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं."

कांताबाई खिडकीबाहेर बघत होती.

"साधना बी हेच म्हणायची. बिलकुल हेच. मला पाठ झाल्तं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आल्ते की सांगायला. दोन बार," ती म्हणाली. "तुम्ही भाषण लिहून राह्यल्या होत्या."